आधी दोन मेंढ्या

आमच्याकडे मेंढी ओली आहे की कोरडी, हे मालक ठरवत नाही. कातरणारे गडी ठरवतात. रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी प्रत्येकाने आधी दोन मेंढ्या कातरायच्या, हाताला काय लागतं ते बघायचं, मग चिठ्ठीवर एक शब्द लिहून टोपीत टाकायची. ओल्या लोकरीने हाताला फोड येतात, म्हणून ओली जास्त निघाली तर मशीन बंद आणि गडी घरी. कोरडी जास्त निघाली तर कुरकुर न करता कामाला लागायचं. बरोबरी झाली तर आणखी दोन कातरून पुन्हा चिठ्ठ्या. मी ग्रॅहम टिंडलच्या शेडमध्ये एकोणीस वर्षं स्वयंपाक करते आहे. दोन मेंढ्या कातरल्याशिवाय मत दिलेला माणूस मी अजून पाहिला नाही. हे एवढं लक्षात ठेवा, कारण त्या शुक्रवारी मी याच गोष्टीवरून भर सभेत तोंड उघडलं.

त्या वर्षी सप्टेंबरात पाऊस हटायचं नाव घेईना. सोमवारी मी साडेनऊचा चहा आणि केक घेऊन शेडमध्ये गेले तेव्हा गडी कंबर सरळ करत उभे होते. आठ गडी, आठ मशीन. तिसऱ्या जागेवर माझा धाकटा भाऊ क्लेम. तो, त्याची बायको जॅनेट, त्यांची दहा वर्षांची टिली आणि मी असं आमचं घर. जॅनेट शहरातल्या दवाखान्यात कामाला, शनिवारीच घरी यायची.

क्लेमला लिहिता-वाचता येत नाही. ही गोष्ट शेडमध्ये सगळ्यांना माहीत होती आणि कोणालाच माहीत नव्हती. चिठ्ठीवर तो ओलीसाठी थेंब काढायचा आणि कोरडीसाठी सूर्य. चिठ्ठ्या मोजणारा म्हातारा नोबी तो थेंब बघून डोळ्याची पापणी न हलवता म्हणायचा, "ओली." बाकीचे तेवढ्यात जोड्याची दोरी बांधायचे. पण त्या वर्षी नोबीची पाठ गेली आणि मोजायला आला ब्रेंट. वय बावीस, हात झपाझप चालणारा, जीभ त्याहून झपाझप.

"कोरडी. ओली. कोरडी. कोरडी. ओली," ब्रेंट चिठ्ठ्या उलगडत होता. "कोरडी. ओली. आणि हे काय?" त्याने चिठ्ठी वर धरली. "थेंब काढलाय! अरे, शेडमध्ये बालवाडी कधी उघडली?"

कोणी हसलं नाही.

पहिल्या जागेवरचा स्नो, साठी उलटलेला, सावकाश म्हणाला, "ओली म्हणून धर. चार-चार. बरोबरी."

"पण शब्द कुठाय? नियम आहे ना..."

"धर म्हणतो ना."

बरोबरी झाली, म्हणून सगळ्यांनी आणखी दोन दोन कातरल्या. मी चहाची किटली धरून तशीच उभी. क्लेमचे कान मागून लाल दिसत होते. मेंढीला गुडघ्यात धरून तो तिच्या पोटाची लोकर काढत होता आणि त्याच्या दंडापर्यंत पाणी ओघळत होतं. पुन्हा टोपी फिरली. पुन्हा चिठ्ठ्या निघाल्या. या वेळी थेंब नव्हता. एक चिठ्ठी कोरी होती.

"चार कोरडी, तीन ओली, एक कोरी. चला, मशीन सुरू!"

दिवसभर आठ जणांनी ओल्या मेंढ्या कातरल्या. संध्याकाळी त्यांचे हात कोपरापर्यंत लालभडक, बारीक फोडांनी भरलेले. ब्रेंटचेही. तो ताट घ्यायला स्वयंपाकघराच्या खिडकीशी आला तेव्हा त्याला कोणीतरी क्लेमचं सांगितलं असावं, तोंड उतरलं होतं.

"मर्लताई, मला आधी कोणी बोललं का नाही?"

"बोलायचं काय त्यात? आम्ही बघत नव्हतो, एवढंच. बटाटे घे."

त्याला मी बटाटे कमीच वाढले. राग राग आला होता मला.

घरी आले तर टिली फाटकावर चढून बसलेली. हातात शाळेचं पत्र. "आत्या, आत्या, शुक्रवारी सभा! सगळे आईबाबा येणार! मत देणार!" पोरीच्या अंगात वारं भरलं होतं. मला मात्र ते पत्र वाचून घाम फुटला.

टिलीला अक्षरं दिसतात, पण जागेवर राहत नाहीत. बापाचंच आलंय ते. आदल्या वर्षापर्यंत रोज सकाळी हिचं पोट दुखायचं. शाळेची गाडी यायच्या वेळेला ही लोकरीच्या पेटीत लपायची आणि मी पाय धरून बाहेर ओढायची. शाळेत पाळीपाळीने उभं राहून वाचायची पद्धत. टिली आपल्या आधी किती मुलं आहेत ती मोजायची, आपल्या वाटणीची ओळ कोणती ते हेरायची आणि शेजारणीकडून कानात ऐकून पाठ करायची. एके दिवशी मधलंच एक पोर शिंकत बाहेर गेलं, मोजणी चुकली, आणि टिलीने सगळ्या वर्गासमोर भलतीच ओळ खणखणीत म्हणून दाखवली. वर्ग हसला. त्यानंतर पंधरा दिवस पोर धड जेवली नाही.

त्या वर्षी फेब्रुवारीत ओकली आडनावाच्या नव्या बाई शिकवायला आल्या. सतरा मुलांची शाळा, त्यातल्या प्रत्येकाचे नखरे वेगळे. बाईंनी पहिल्या महिन्यात काही केलं नाही, नुसतं बघितलं. मग पाळीचं वाचन बंद केलं. घंटा कपाटात गेली, तिच्या जागी काठीला नारिंगी फडकं आलं. फडकं वर गेलं की तास संपला. आजारी मुलांच्या खोलीत गाद्या टाकल्या आणि ज्याचं डोकं भणभणेल त्याने तिथे जाऊन बसावं म्हणून सांगितलं. उत्तर तोंडाने द्या, लिहून द्या, मातीचं करून द्या, पण द्या. ज्यांचं पाच मिनिटांत उरकतं त्यांना अवघड गणितं. आणि टिलीसारख्यांसाठी अंगणात खडूने पुरुषभर उंचीची अक्षरं. त्यांच्यावरून चालायचं, रोज, पायांना पाठ होईपर्यंत.

ऑगस्टमध्ये एका दुपारी मी पाव मळत होते. टिली कोठीसमोर उभी. "आत्या," ती म्हणाली, "यावर 'पीठ' लिहिलंय."

पन्नास वर्षं मी पिठात हात घालते आहे. पण त्या दिवशी मी खाली बसले आणि पिठाच्या हातांनी रडले. पोरीने मग सगळी कोठी वाचून काढली. मीठ, साखर, चहा, उंदराचं औषध. संध्याकाळी क्लेमसमोर पुन्हा सगळं वाचलं. तो मिठाचा डबा हातात धरून फिरवत राहिला.

तर पत्रात असं होतं की काही पालकांची तक्रार आहे, नव्या पद्धतीने शाळेची शिस्त गेली. पद्धत चालू ठेवायची की जुनी परत आणायची यावर दर घरामागे एक मत. जुनी परत आली तर टिलीला शहरातल्या वेगळ्या वर्गात पाठवावं लागेल, असं बाईंनी मला आधीच सांगितलं होतं. शहर एकशे साठ किलोमीटर. जॅनेट तिथे दवाखान्याच्या एका खोलीत चौघींबरोबर झोपते, तिथे पोर ठेवता येत नाही. म्हणजे आठवडाभर परक्या घरात राहायचं. टिलीला हे माहीत नव्हतं. ती आपली फाटकावर झोके घेत होती.

"मत चिठ्ठीवर आहे का?" क्लेमने विचारलं.

"हो."

"मग तू जा, ताई."

"पत्रात आई किंवा बाप लिहिलंय. आत्या लिहिलेलं नाही."

त्याने बूट काढून कोपऱ्यात फेकले.

मंगळवारपासून एक नवल सुरू झालं. टिली शाळेतून सुटली की घरी येण्याऐवजी शेडवर येऊ लागली. काम साडेपाचला संपायचं, गडी हात धुवायला जायचे, आणि मागे लाकडी फळ्यांवर टिली मेंढ्यांना खूण करायच्या निळ्या खडूने काहीतरी मोठ्ठं काढायची. मी भांडी नेताना पाहिलं, तर माझा सहा फुटी भाऊ, पाठीत वाकलेला, मऊ जोडे घालून त्या निळ्या रेघेवरून चालत होता.

"बाबा, तिथे वळायचं! रेघ सोडू नकोस!"

"अगं, पाय दुखतात माझे."

"माझेपण दुखायचे. परत पहिल्यापासून."

"काय चाललंय रे?" मी ओरडले.

"पोरीचा अभ्यास," क्लेम म्हणाला आणि माझ्याकडे पाठ केली.

बुधवारीही तेच. गुरुवारी मात्र मी गेले तेव्हा क्लेम फळ्यांवर पाणी ओतून खडू पुसत होता. "नाही जमत मला. पायाला कळतं, हाताला कळत नाही. बास झालं," असं म्हणून त्याने बादली उपडी केली. खडू खिशात घालून टिली माझ्याबरोबर चालत घरी आली आणि वाटेतल्या प्रत्येक पाटीवरचं नाव मोठ्याने वाचत राहिली.

शुक्रवार उजाडला. मी सकाळच्या केकमध्ये साखरेऐवजी मीठ घातलं. गड्यांनी मुकाट्याने खाल्ला, मला वाटतं घाबरून. चार वाजता टिंडलने स्वतःच काम थांबवलं, कारण सभेचा प्रमुख तोच. गाड्या चिखल उडवत शाळेकडे सुटल्या. एकच मोठी खोली, बसायला मुलांच्याच बुटक्या खुर्च्या. तेरा घरं आली होती. गुडघे हनुवटीला लावून बसलेली सगळी माणसं, कोणाच्या केसात लोकर, कोणाच्या अंगाला मेंढीचा वास. स्नोची दोन नातवंडं शाळेत, म्हणून मत नसलं तरी तोही होता. मुलं भिंतीला टेकून रांगेत बसलेली.

टिंडल उठला. माणूस वाईट नाही हो. बोलायला सरळ. "मला टिलीबद्दल काही म्हणायचं नाही," तो म्हणाला. "गुणी पोर आहे. पण एकीसाठी सतरा जणांची घडी का मोडायची? आम्ही घंटेवर शिकलो, उभं राहून वाचलं, काही बिघडलं नाही आमचं. माझ्या फ्रेयाला असले लाड नकोत. जगात कोणी तिच्यासाठी फडकं हलवणार नाही." बऱ्याच माना हलल्या. "तर चिठ्ठ्या वाटा आणि मोकळे होऊ. पाऊस यायच्या आत घरी जाऊ."

क्लेम आपल्या हातावरच्या फोडांकडे बघत होता. टिली भिंतीपाशी बसून हसत होती, तिला वाटत होतं जत्रा आहे. मला राहवेना.

"ग्रॅहम!" मी उभी राहिले, आणि बुटकी खुर्ची माझ्याबरोबर उठली. पोरं फिदीफिदी हसली. "तुझ्या शेडमध्ये मेंढी ओली की कोरडी हे तू तिच्या कपाळाकडे बघून ठरवतोस?"

"त्याचा इथे काय संबंध, मर्ल?"

"संबंध आहे. आधी दोन मेंढ्या कातरायच्या, मग मत! इथे कोणी कातरल्यात? एक जुन्या पद्धतीची, एक नव्या. कातरा आणि मग टाका चिठ्ठी!"

स्नो गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "बरोबर बोलली! दोन मेंढ्या!" आणि शेडमधले गडी खुर्च्या आपटायला लागले, "दोन मेंढ्या! दोन मेंढ्या!" पोरांनीही धरलं. खोली नुसती दणाणली. टिंडलने हात वर केले. आपल्याच शेडचा नियम, नाही कसा म्हणणार?

ओकली बाईंचे डोळे असे चमकले की काय सांगू. त्यांनी आजारी मुलांच्या खोलीतला आरसा आणला, त्याच्यासमोर सरड्याच्या धड्याचं पान धरलं आणि कपाटातून घंटा काढली. "ही पहिली मेंढी. आरशात बघून वाचायचं. पाळीने, उभं राहून, मोठ्याने. अडखळलात की घंटा."

पहिली एक आई उठली, दोन शब्दांत अडकली. घंटा. पोरं हसली. दुसरा उठला, त्याला एक शब्द धड येईना. घंटा. मी टिंडलकडे बघत होते. त्याचं बोट मांडीवर हलत होतं. तो आपल्या आधीची माणसं मोजत होता आणि आपली ओळ हेरत होता! थेट आमच्या टिलीसारखा. मला हसू की रडू कळेना. तेवढ्यात त्याच्या आधीचा स्नो म्हणाला, "मी चष्मा विसरलोय, मला वगळा," आणि टिंडलची मोजणी चुकली. तो लालबुंद होऊन उभा राहिला. "स... सर... झा..." कपाळावर घाम.

घंटा वाजली, आणि भिंतीपाशी काहीतरी सरपटलं. सात वर्षांची फ्रेया टिंडल टेबलाखाली गेली होती. कानांवर हात दाबलेले, डोळे मिटलेले.

"फ्रेया? काय झालं गं?" टिंडलने विचारलं.

"काही नाही," बाईंनी घंटा पटकन फडक्यात गुंडाळली. "पूर्वी ती रोज अशी टेबलाखाली जायची. घंटा बंद झाल्यापासून आज पहिल्यांदा गेली. मी पत्रात कळवलं होतं तुम्हाला."

"मला वाटलं... ते दुसऱ्या कोणाबद्दल असेल," टिंडल म्हणाला. तो गुडघ्यावर बसला आणि टेबलाखाली हात पुढे करून तसाच थांबला. बऱ्याच वेळाने फ्रेयाने त्याचं बोट धरलं.

पाळी पुढे सरकली ती क्लेमवर आली. घंटा आता नव्हती. क्लेम उठला. आरशाकडे बघितलं. मग आरशाच्या मागे गेला आणि बाईंच्या हातातल्या सरळ पानाकडे बघितलं.

"मला इकडूनही असंच दिसतं," तो म्हणाला. "लहानपणापासून. इथेच बसायचो मी, त्या खिडकीपाशी. तेरा वर्षांचा झालो आणि पळालो. बस. एवढंच."

तो येऊन बसला. मी त्याचा हात धरला, तो चिकट आणि गरम होता. चाळीस वर्षांत त्याने हे मलासुद्धा तोंडाने सांगितलं नव्हतं.

दुसरी मेंढी लवकर कातरून झाली. बाईंनी तोच सरड्याचा धडा तोंडाने सांगितला, फळ्यावर चित्रं काढली, मुलांनी सगळ्यांना जमिनीवरच्या मोठ्या अक्षरांवरून चालवलं. टिलीने टिंडलला चालवलं. "रेघ सोडायची नाही!" असं त्याला दरडावलंसुद्धा. शेवटी बाईंनी प्रश्न विचारले, आणि हे दांडगे बाप्ये हात वर करकरून उत्तरं द्यायला लागले. सरडा शेपूट का टाकतो हे स्नोला सगळ्यांच्या आधी सांगायचं होतं.

मग चिठ्ठ्या आल्या. "नवी पद्धत हवी तर 'हो', नको तर 'नाही' लिहा," टिंडल म्हणाला. आवाज बसला होता.

स्नोने हात वर केला. "बाई, शेडमध्ये आमच्याकडे सूर्य आणि थेंबही चालतात. इथे चालतील?"

शेडमधल्या एकाही माणसाने क्लेमकडे पाहिलं नाही. बाई हसल्या. "उत्तर कसंही द्या, पण द्या. सूर्य म्हणजे हो, थेंब म्हणजे नाही."

तेरा डोकी वाकली. बिस्किटांचा रिकामा डबा फिरला. क्लेमला सगळ्यांत जास्त वेळ लागला. तो सगळ्यांकडे पाठ करून बसला होता, आणि टेबलाखाली त्याचा उजवा पाय फरशीवर हळूहळू सरकत होता, वळत होता, थांबत होता. मला वाटलं, पायाला मुंग्या आल्या असतील.

टिंडलने डबा उपडा केला. पहिली चिठ्ठी उलगडली आणि बघत राहिला. सूर्य. दुसरी, सूर्य. तिसरी, थेंब. अक्षर एकीवरही नाही! कॉलेज शिकलेल्या बायकांनी सूर्य काढले होते. एकाला तर मिशा होत्या. ज्यांना नको होतं त्यांनीही थेंबच काढले होते, गोल, नीट. टिंडल मोजत गेला. आठ सूर्य, चार थेंब. निकाल लागला होता, पोरं किंचाळायला लागली, बाईंनी तोंडावर हात धरला, मी खुर्चीसकट पुन्हा उठले.

"थांबा," टिंडल म्हणाला. "एक राहिली."

ती न उघडता चाललं असतं. पण त्याने उघडली. त्या चिठ्ठीवर चित्र नव्हतं. पेन्सिल इतकी दाबली होती की कागद दोन ठिकाणी फाटला होता, आणि अक्षरं एवढी मोठी की कागदाच्या कडेला टेकलेली, वाकडी, पण अक्षरंच. टिंडलने तो कागद टेबलावर ठेवला आणि अंगठ्याने सपाट केला.

"हो," त्याने मोठ्याने वाचलं.

खोलीतल्या एकानेही क्लेमकडे पाहिलं नाही. कोणी बुटाची दोरी बांधायला लागलं, कोणी चष्मा पुसायला लागलं, आणि मी खिडकीबाहेरच्या नीलगिरीची पानं मोजत होते, एकही दिसत नव्हतं. टिली मात्र सरळ आपल्या बापाकडे बघत होती आणि बाकावर उभी राहून, खिशातला निळा खडू उंच धरून, नाचत होती.